राक्षसाचा वाजंत्री

लग्नाला वाजंत्री कोणी ठरवायचा, हा प्रश्न आमच्या घरी कधी पडला नाही. ते काम मामांचे. मामा कासूस राहतात, आणि पेणपासून रोह्यापर्यंतचा प्रत्येक सनईवाला, ढोलवाला आणि बेंजोवाला त्यांना नावाने ओळखतो. मी पडलो मराठीचा अधिव्याख्याता. मला आजवर कोणी वाजंत्री ठरवावयास सांगितले नाही, आणि तेच शहाणपणाचे होते. पण गेल्या वर्षी हे काम अनपेक्षितपणे मजकडे आले. नवरदेव मात्र नेहमीसारखा नव्हता. तो राक्षस होता.

कासू हे गाव वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल, आणि पाहिले असलेच तर आगगाडीच्या खिडकीतून. पेण सोडून रोह्याकडे निघालेली गाडी नागोठण्याच्या आधी इथे क्षणभर थांबते, चारदोन माणसे उतरतात, आणि गाडी पुढे जाते. पूर्वेला डोंगर आहेत. पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे पसरत गेलेली खारी जमीन आहे. ही जमीन आमच्या पूर्वजांनी बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढून घेतली. बांध शाबूत आहे तोवर भात. पण बांधाला एकदा का खांड पडली आणि उधाणाचे पाणी आत शिरले, की मग काही वर्षे तरी त्या शेतात भाताचे नाव काढू नये. खारेपाटातल्या माणसाला पिंपळावरच्या मुंज्याचे फारसे भय नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचे असते.

आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी याच भागातली. तिच्या आजीचे शेत असेच खाऱ्या पाण्याखाली गेले. मुलीने ठरविले की, यावर चित्रपट काढायचा. वीस मिनिटांचा, आणि तोही मोबाइलवर. मी वडीलधारेपणाने सल्ला दिला, "माहितीपट काढ. खारबंदिस्तीचा प्रश्न महत्त्वाचा आहे." ती म्हणाली, "सर, माहितीपट आजी बघणार नाही. तिला माहिती आहेच." या उत्तरावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मग तिने अवसेच्या रात्री खाडीतून वर येणारा आणि खारबांध खाणारा एक राक्षस कल्पिला. खरोखरच खाणारा. दोन्ही हातांनी माती ओरबाडून तोंडात घालणारा.

राक्षस कोणी करायचा हा प्रश्न पेण तालुक्यात पडण्याचे कारणच नव्हते. ज्या गावात घरोघर गणपतीचे कारखाने आहेत, तेथे मुखवट्याला काय तोटा? तिच्याच वर्गातला एक मुलगा सुट्टीत एका कारखान्यात रंगकाम करतो. गोणपाट, काथ्या, फाटकी जाळी आणि कागदाचा लगदा यांतून त्याने आठ दिवसांत एक अक्राळविक्राळ देह उभा केला. सगळे उत्तम जमले होते. घोटाळा झाला तो डोळ्यांत. त्या मुलाचा हात लहानपणापासून गजाननाच्या डोळ्यांची आखणी करण्यात मुरलेला. त्याने कितीही भुवया वाकड्या केल्या, तरी पापणी खाली आली की नजर प्रेमळ होऊन जाई. तीनदा पुसून तीनदा रंगविले. चौथ्यांदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, दुसरे डोळे येतच नाहीत." मी म्हणालो, "असू दे. संगीत भीषण असले की सगळे झाकून जाते."

येथे माझी पहिली चूक झाली. पण ती चूक आहे हे कळावयास मला कोजागिरी यावी लागली.

संगीतासाठी दोन नावे पुढे आली होती. एक, गावातलाच बेंजोवाला पोरगा. शहरातल्या वाचकांना बेंजो म्हणजे काय हे सांगावयास हवे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ते तारांचे चपटे वाद्य. कोणी त्यास बुलबुलतरंगही म्हणतात. आमच्या रायगडात हळद असो, वरात असो, की माघी गणपती असो, ध्वनिवर्धक लावून बेंजो पार्टी वाजल्याखेरीज कार्य झाल्यासारखे वाटत नाही. दुसरे नाव माझ्या पुण्याच्या भाच्याचे. भाचा संगणकावर संगीत रचतो, दोनतीन जाहिरातींना त्याचे संगीत आहे, आणि त्याच्याजवळ डोक्याला लावावयाचे यंत्र माझ्या दुचाकीपेक्षा महाग आहे.

बेंजोवाला मला भेटावयास मामांच्या ओटीवर आला. चित्रपटाचा कच्चा तुकडा त्याने मोबाइलवर दोनदा पाहिला. मग डोके खाजवीत त्याने एकच प्रश्न विचारला.

"सर, ह्याला भूक लागलीय का राग आलाय?"

मला हसू आले. मी म्हणालो, "अरे, राक्षस आहे तो! रागच येणार." तो "बरं" म्हणाला, चहा पिऊन गेला, आणि मी भाच्याला फोन लावला. खरे कारण सांगतो, कारण आता लपविण्यात अर्थ नाही. हळदीत वाजविणाऱ्या पोराला 'संगीत दिग्दर्शक' म्हणून पडद्यावर नाव द्यावयाचे, हे माझ्या एम.ए.ला रुचले नाही. भाच्याने राक्षसाविषयी काही विचारले नाही. त्याने विचारले, फाईल कोणत्या स्वरूपात पाठवू. यात त्याचा दोष नाही. मी त्याला सांगितलेच होते एवढे, की "भीषण हवे."

आणि भीषण आले. तुताऱ्या, नगारे, शंभर पुरुषांचा घनगंभीर कोरस. जणू काही रोमचे सैन्य नागोठण्याच्या पुलावरून येत आहे. कोजागिरीच्या रात्री शाळेच्या मैदानावर पडदा बांधला, दूध आटविले, सारे गाव जमले. राक्षस खाडीतून वर आला. तुताऱ्या कडाडल्या. त्याने मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिले, ते आपल्या त्या गणपतीच्या डोळ्यांनी. क्षणभर शांतता पसरली, आणि मागून कोणीतरी ओरडले, "अरे, त्याला मोदक द्या!"

पुढची पंधरा मिनिटे मैदान हसत होते. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. मीही दोनदा ओठ चावला. पण पुढच्या रांगेत बसलेली मुलीची आजी उठली, पदर सावरला, आणि जाताना म्हणाली, "बांध गेला तेव्हा कोण हसला नव्हता." नात तिच्यामागोमाग गेली. पुढे तीन आठवडे ती माझ्या तासाला आली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी जे उद्योग केले ते एरवी मराठीच्या अधिव्याख्यात्याने करावयाचे नसतात. रात्री जेवणे झाली, की मी राक्षसांचे चित्रपट लावून बसे. घरातून विचारणा झाली. मी म्हटले, अभ्यास आहे. पत्नी एकदा दारातून म्हणाली, "अहो, परीक्षेला गॉडझिला लावलाय का यंदा?" परंतु खरोखर तो अभ्यासच होता. ज्या ज्या चित्रपटातील राक्षस लोकांच्या मनात टिकला, त्याचा वाजंत्री कोण होता, आणि त्याने बेंजोवाल्याचा तो प्रश्न स्वतःला विचारला होता काय, एवढेच मला पाहावयाचे होते.

पहिला मान अर्थातच किंग काँगचा. 1933 सालचा हा चित्रपट. बोलपट येऊन जेमतेम पाचसहा वर्षे झाली होती, आणि चित्रपटाला सबंध पार्श्वसंगीत असावे की नसावे यावरच तेव्हा वाद होता. प्रेक्षक विचारतील, समुद्रात वाद्यवृंद आला कोठून? चित्रसंस्थेने पैसे वाचविण्यासाठी संगीतकार मॅक्स स्टायनर यास जुन्याच धुना वापरावयास सांगितले होते. निर्माता मेरियन कूपर याने मात्र, नवे संगीत कर, खर्च मी देतो, असे त्यास सांगितले. स्टायनर हा व्हिएन्नाचा. त्याने काय केले पाहा. सुरुवातीची नामावळी संपली, की न्यूयॉर्कमधल्या प्रसंगांना संगीतच नाही. माणसे बोलतात, जहाज निघते, आणि सारे कोरडे ठणठणीत. जहाज धुक्यात शिरून त्या बेटाजवळ येते, तेव्हा कोठे वाद्ये हळूच जागी होतात. व्यवहाराच्या जगाला संगीत नाही. स्वप्नाच्या जगाला आहे. आणि काँगला त्याने दिले काय, तर खाली उतरत जाणारे तीन स्वर. एवढ्या अगडबंब वानराला तीनच स्वर! पण ते कधी गर्जना होतात आणि शेवटी विलाप होतात. स्टायनरने काँगला राग दिला, भीती दिली, आणि मुख्य म्हणजे मन दिले. म्हणून त्या उंच इमारतीवरून तो खाली पडतो तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडत नाहीत. त्यांना वाईट वाटते.

दुसरा, 1975 सालच्या 'जॉज'मधला शार्क मासा. यात सांगण्यासारखी गंमत अशी, की चित्रीकरणाच्या वेळी यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे. दिग्दर्शक स्पीलबर्गला मासा दाखविताच येईना. जॉन विल्यम्सने पियानोवर त्याला दोन स्वर वाजवून दाखविले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सा आणि कोमल रे, पुन्हा सा आणि कोमल रे. स्पीलबर्गला आधी वाटले की हा थट्टा करतो आहे. पण त्या दोन स्वरांनीच माशाचे काम केले. त्यात राग औषधालाही नाही. मासा कोणावर रागावलेला नाही. त्याला निव्वळ भूक आहे, आणि भूक म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, अधिकाधिक जलद. आणि प्रामाणिकपणा असा, की दोन पोरे खोटा पंख लावून लोकांना भिववितात त्या वेळी विल्यम्सने संगीत दिलेच नाही. मासा नाही, तर संगीतही नाही. प्रेक्षकाला हे कोणी सांगत नाही, पण त्याला ते कळते. आमच्या तुताऱ्या मात्र राक्षस येण्याआधी, आल्यावर आणि गेल्यावरही वाजतच होत्या.

तिसऱ्यावर थोडा अधिक वेळ घेतो, कारण त्यात माझा जीव गुंतला. 'गोजिरा', म्हणजेच आपला गॉडझिला. 1954 च्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इशिरो होंडाचा हा चित्रपट आला. बाँबने जागा झालेला एक प्रचंड प्राणी समुद्रातून येतो आणि टोकियो जाळतो. संगीत देण्यास निवडले अकिरा इफुकुबे यास. हा उत्तरेकडील होक्काइडोचा. बालपणी त्याने तेथील ऐनू लोकांची गाणी ऐकली होती. शिक्षण वनशास्त्राचे, संगीत बव्हंशी आपले आपण शिकलेला. युद्धकाळात लाकडावरच्या प्रयोगांत किरणोत्साराने त्याची प्रकृती ढासळली होती. म्हणजे किरणोत्साराने जखमी झालेल्या राक्षसाला वाजंत्री मिळाला तोही किरणोत्साराने जखमी झालेला. हे निवडणाऱ्यांना ठाऊक होते किंवा कसे, हा भाग निराळा. पण कानाला ते जाणवते.

गॉडझिलाची ती सुप्रसिद्ध आरोळी कशी काढली आहे? कोणत्याही प्राण्याच्या आवाजाने जमेना, तेव्हा मोठ्या कॉन्ट्राबास वाद्याची तार ढिली करून तीवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला. आणि धून? घरी पेटी असेल तर वाजवून पाहा. सा, नी, ध असे उतरा; पुन्हा सा, नी, ध; तिसऱ्यांदा आणखी खाली प पर्यंत जाऊन परत सा ला या आणि पुन्हा ध वर उतरा. मी मामांच्या पेटीवर हे वाजविले तेव्हा मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण गेलं?" दुःखाची चाल लपत नाही. यातली मौज अशी, की ही धून मुळात गॉडझिलाची नव्हतीच. पहिल्या चित्रपटात ती त्याच्यावर चालून जाणाऱ्या सैन्याची होती. पुढे लोकांनी ती राक्षसालाच देऊन टाकली. वरातीचे गाणे कोणाचे ठरेल ते वाजंत्र्याच्या हातात नसते!

आता आपल्याकडे यावे. हिंदी पडद्यावरील आपली भुते पूर्वापार गाणारी. 1949 च्या 'महल'पासून पांढऱ्या साडीतली बाई धुक्यातून गात गेली, की आपण समाधानाने शहारतो. तेथे संगीतकार उत्तमच निवडले जात. पण ते भयाचे नव्हते, विरहाचे होते. रामसे बंधूंचे राक्षस निराळे. 'पुराना मंदिर' मधील सामरी पाहून 1984 साली आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी रात्री एकट्याने अंगणात जाणे सोडले. त्या चित्रपटांत दाराची करकर, वारा आणि किंकाळी यांना जेवढा मान होता तेवढा संगीताला नव्हता. मराठीत 1993 च्या 'झपाटलेला'ने रामदास पाध्यांच्या बाहुल्याला घराघरांत पोचविले. तात्या विंचूला भ्यावे की हसावे हे आम्ही मुलांनी कधीच ठरविले नाही, आणि तेच त्याचे यश.

परंतु माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते 'तुंबाड'मध्ये. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 साली आला, आणि 2024 मध्ये पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. कोकणातला वाडा, न थांबणारा पाऊस, आणि देवीच्या गर्भात दडविलेला हस्तर. नारायण धारपांच्या भयकथेचे बीज त्यात आहे, आणि गावाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीने मराठी वाचकाच्या ओळखीचे केलेले. एवढे सगळे आपले. मग पार्श्वसंगीत कोणाचे असावे? येस्पर कीड नावाच्या डेन्मार्कच्या माणसाचे. तो प्रसिद्ध आहे तो 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या संगणकावरील खेळांच्या संगीतासाठी. हे प्रथम वाचले तेव्हा माझ्यातला मराठीचा अध्यापक चवताळून उठला होता. कोकणच्या राक्षसाला डॅनिश वाजंत्री? दशावतारी नाटकाच्या आरंभी संकासुर येतो, तेव्हा त्याला पखवाज, झांज आणि पेटी लागते. आपल्या मातीतला एखादा पखवाजवाला नव्हता का?

चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला, तो डोळे मिटून. तेव्हा ऐकू आले. हस्तरची कथा काय आहे? त्याने सोन्याचा लोभ धरला, धान्याचाही धरला, आणि त्याची शिक्षा म्हणून तो युगानुयुगे उपाशी आहे. माणसे त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकतात आणि तो तीवर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्याजवळचे सोने लुटतात. चित्रपटातील सर्वांत भुकेला प्राणी तो. सर्वांत लोभी मात्र तो नाही. आणि कीडचे संगीत कित्येक ठिकाणी भयापेक्षा उदासच अधिक आहे. चालून येणाऱ्याचे ते वाटत नाही. कोंडून ठेवलेल्याचे वाटते. त्याच चित्रपटातले शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आहे, आणि त्यात माणसांच्या हव्यासाचा दणका आहे. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटली. वर जमिनीवरच्या माणसांना अजय-अतुल. खाली गर्भातल्या उपाश्याला कीड. डेन्मार्कच्या माणसाला पखवाज ठाऊक नसेल, पण भूक ठाऊक होती.

मी यंत्र बंद केले. रात्रीचे दोन वाजले होते. आणि मामांच्या ओटीवर चहा पीत त्या पोराने विचारलेला प्रश्न मला शब्दशः आठवला.

दुसऱ्या रविवारी कासूस गेलो. विद्यार्थिनीच्या घरी प्रथम गेलो, कारण तेथे जाणे अधिक कठीण होते. आजीने पाणी दिले, बोलली नाही. मुलीला म्हणालो, "चूक माझी. चित्रपट तुझा चांगला आहे. आवाज पुन्हा करू." ती म्हणाली, "डोळे पण बदलू का?" मी म्हणालो, "डोळ्यांना हात लावू नकोस. डोळेच बरोबर आहेत." मग दोघे मिळून बेंजोवाल्याकडे गेलो. तो अंगणात तारा पुसत होता. मी म्हणालो, "अरे, त्याला भूक लागली आहे." तो म्हणाला, "मला वाटलंच. डोळे बघितले ना मी."

इतके साधे होते ते. मूर्तिकार पोराच्या हातून नकळत भुकेला राक्षस झाला होता. बेंजोवाल्याने तो पाहिला होता. आणि मी एकटा एम.ए. माणूस त्याच्यावर राग लादीत बसलो होतो.

त्याने पहिली अट घातली ती अशी, की पहिली आठ मिनिटे तो काही वाजविणार नाही. मी म्हणालो, "काहीच नाही?" तो म्हणाला, "बांधावर रात्री काय असतं, सर? काहीच नसतं. तेच तर भ्या वाटतं." मग भरतीच्या वेळी तो मोबाइल घेऊन उघाडीवर जाऊन बसला. उघाडी म्हणजे बांधातले ते झडपेचे दार. ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. दार मिटताना पाणी जो ओढल्यासारखा, घशातून गिळल्यासारखा आवाज करते, तो त्याने टिपून घेतला. राक्षसाचा श्वास म्हणून तोच. बेंजोची खालची तार त्याने इतकी ढिली केली की ती स्वर देईना, नुसती घरघरू लागली. तीवर नखीऐवजी अंगठ्याने एक ठोका, मोठा खंड, पुन्हा एक ठोका. गावच्या खालूबाजातला एक ढोल मागून आणला, पण शेवटी तो वापरला नाही. "ढोल आला की लोक नाचतील," असे त्याचे म्हणणे. याबाबतीत त्याचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा होता.

त्याला मी इफुकुबेच्या ढिल्या तारेची हकीकत सांगितली. शिवाय हेही सांगितले, की आपला बेंजो मुळात जपानचाच. तेथील तैशोगोतो नावाचे वाद्य 1912 साली नागोया येथे निघाले, त्याचाच हा हिंदुस्थानी अवतार. गॉडझिलाचा आणि तुझा दूरचा का होईना, संबंध निघतो! त्याने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "त्यांना किती दिले होते, सर?" मला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला दोन नव्या तारा आणि येण्याजाण्याचा खर्च दिला. भाच्याला फोन करून सर्व सांगितले तेव्हा तो रागावला नाही. उलट म्हणाला, "मामा, तुम्ही मला डोळे दाखवलेच नाहीत ना. मोबाइलवर कुठे दिसतात?" तेही खरेच होते. आवाजांची अंतिम जुळणी मग त्यानेच पुण्याहून करून दिली, आणि श्वासाखालची वाऱ्याची खरखर त्याने अशी काही साफ केली की बेंजोवालाही चकित झाला.

माघी गणपतीच्या मंडपात पुन्हा पडदा बांधला. आजी यावयास तयार नव्हती. नातीने आग्रह केला नाही. पण दिवे मालवल्यावर मागच्या खांबाजवळ एक पांढरे लुगडे दिसले. पहिली आठ मिनिटे मंडपात कुजबुज चालू होती. आवाज बिघडला आहे असे समजून कोणी दोनदा तारा हलवून पाहिल्या. मग उघाडीचा तो गिळण्याचा आवाज आला. खारेपाटातल्या माणसाला तो ओळखावयास सांगावे लागत नाही. कुजबुज थांबली. राक्षस वर आला, मान वळवली, त्याच डोळ्यांनी पाहिले. एक ठोका. तो बांधाशी गुडघे टेकून बसला आणि माती तोंडात घालू लागला.

कोणी हसले नाही. पुढे जमिनीवर बसलेल्या पोरांतली एक चिमुरडी तेवढी मोठ्याने म्हणाली, "आई, त्याला भाकर दे ना." तेव्हा थोडे हसू उमटले, पण ते निराळे होते, बायकांनी नाकाला पदर लावले होते. शेवटच्या दृश्यात बांध फुटून चांदण्यात सारे शेत पाण्याने चमकते. तेथे बेंजोवाल्याने काही वाजविले नाही, आणि मंडपातही कोणी काही बोलले नाही.

दिवे लागले तेव्हा आजी खांबाजवळच बसलेली होती. मी नमस्कार केला. ती म्हणाली, "मास्तर, माझ्या वेळी एवढा हळू नव्हता आला." मग जरा थांबून म्हणाली, "पण भुकेलाच होता."

बेंजोवाल्याला अभिनंदन स्वीकारावयास वेळ नव्हता. त्याच रात्री नागोठण्याला एक हळद ठरलेली होती आणि टेम्पो रस्त्यावर उभा राहून भोंगा वाजवीत होता. त्याने बेंजो गवसणीत घातला, ध्वनिवर्धकाची वायर खांद्यावर टाकली, आणि चारदोन पावले जाऊन परत आला.

"सर, एक विचारू? तुमच्या भाच्याची ती तुताऱ्यांची पहिली फाईल आहे ना, ती मिळेल का? राक्षसाला नाही चालली, पण नवरदेव मांडवात येताना झकास वाजेल."

मी त्याच रात्री भाच्याला निरोप पाठविला. फाईल सकाळी आली. या मे महिन्यात मामांच्या नातवाच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून त्याच तुताऱ्यांवर आला, आणि अख्खी वरात नाचली.